तळटीप : कांदळवन आणि वादळवारा

* कांदळवन : तिवर, चिप्पी, कांदळ अशा खारफुटीचे खाडीकाठचे दाट रान. बांधावरची शेवरी वारा कशी अडवते, हे आष्टीच्या (जि. वर्धा) संत्राबागायतदाराला सांगायला नको, कांदळवन वादळात तेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर करते. पानाफांद्यांच्या दाटीत वाऱ्याचा जोर मोडतो. आडोशाला, झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरावरही, तो मंदावलेला राहतो.

वादळवाऱ्याचा हा जोर केवढा असतो ते पाहा : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या.

ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात १९९९च्या महाचक्रीवादळात रुंद कांदळवनामागच्या गावांत माणसे कमी दगावली. तिथे मोठे श्रेय मात्र समुद्राचे उधाण थोपवण्याला द्यावे लागते. — संपादक