आजीची धार

सोनकच्छच्या घरी बाफले करायला घेतले की आजी धारला पोचायचीच. माहेर धारचं ना तिचं! कणकेचे गोळे उकळून निघाले, गोवऱ्यांच्या आरावर चढले की हात मोकळे, मग मराठीत माळवी कालवत गदराची गोष्ट सुरू.

गदर म्हणजे १८५७. त्या मे महिन्यात धारचे यशवंतराव पवार गेले आणि गादीवर कोवळे आनंदराव आले. दरबारानं पदरी ठेवलेले अरब, मकराणी, अफगाण शिपाई पावसाळ्यात बिथरले आणि किल्लाच बळकावून बसले. आजी या सगळ्यांना सरसकट ‘विलायती’ म्हणे.

हा किल्ला तिच्या फार जिव्हाळ्याचा. राघोबादादांच्या आनंदीबाईंना पवारांनी इथंच आसरा दिला आणि १७७५ साली दुसरे बाजीराव इथंच जन्मले. आनंदीबाईंविषयी कुणी वावगं बोललं तर आजी म्हणे, “पोटुशी बाई दारात आली, तिला काय विचारायचं?” त्याच बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब गदरात कानपुरास उभे राहिले, हे सांगताना तिचा ऊर भरून येई.

२२ ऑक्टोबरला महूकडून ब्रिगेडियर स्टुअर्टची फौज धारवर आली. गावाबाहेर विलायतींनी तोफा रोखल्या होत्या. त्या मुंबई फौजेच्या २५व्या पलटणीनं चालून जाऊन घेतल्या. मुंबईच्या पलटणींत कोकणातली, देशावरची माणसं पुष्कळ. म्हणजे तोफेच्या दोन्ही अंगांना मराठी कानावर पडत असणार. मला ते आजही सलतं.

मग आठवडाभर तटावर गोळे. आजीची आजी, म्हणजे माझी खापरपणजी, तेव्हा परकरातली पोर. दिवाळी नुकती सरलेली. तिच्या आईनं पितळी भांडी परसात पुरली, पण फराळाचा डबा काही पुरला नाही, पोरं रडतील म्हणून. गोळा पडला की आढ्याची माती ताकात पडे. कधी आजी ‘दुधात’ म्हणायची. पण दुभती गाय तेव्हा खेड्यावर धाडली होती असंही तीच सांगे, तेव्हा ताकच असावं.

तटाला खिंडार पडलं, आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री विलायती पसार झाले. त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर, चांदणं लख्ख, तरी वेढ्यातून निसटले! फौज आत शिरली तो किल्ला रिकामा.

विलायती गेले मंदसोरच्या वाटेनं. शिक्षा भोगली धारनं. संस्थान जप्त झालं. आजीचा सगळा राग इथं उफाळे: “अरे, मिसरूड न फुटलेलं पोर ते, त्याचा काय गुन्हा?” तिचं मला पटतं. पलटणीला मुठीत ठेवणं थोरामोठ्यांना जमलं नाही, त्या पोराला कुठून जमणार? १८६० साली आनंदरावांना राज्य परत मिळालं. बैरसिया परगणा मात्र भोपाळच्या बेगमेला दिला, तो पवारांकडे पुन्हा आला नाही.