पारदमेल, दंतवैद्यकीय सांडपाण्यातील

दातात भरल्या जाणाऱ्या ‘चांदी’त, म्हणजे पारदमेलात, वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांबे. भरणी घासताना, आणि त्याहून अधिक जुनी भरणी उकरून काढताना, पडणारी पूड सक्शनच्या नळीतून व चूळ टाकायच्या भांड्यातून गटारात जाते. पारदमेल तोंडात कितपत सुरक्षित, यावर दीड शतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. बेसिनखालच्या नळीची आठवण पुष्कळ उशिरा झाली.

इतिहास : पॅरिसमध्ये १८२६ च्या सुमारास वापर, अमेरिकेत १८४० च्या दशकात त्यावरून दंतवैद्यांत फूट, १८९५ मध्ये दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांचे सुधारित सूत्र.

भारतात पारा व मिश्रधातूची पूड खलात घोटून, जादा पारा कापडातून पिळून काढण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. मोजून भरलेल्या कॅप्सूलने हे पिळणे थांबवले. उकरलेल्या पुडीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

सांडपाण्यातील वर्तन : पूड जड असल्याने नळीच्या वळणांत आणि गटाराच्या गाळात बसते व सावकाश विरघळते. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठतो. (जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेला आजार मात्र रसायन कारखान्याच्या सांडपाण्यामुळे झाला होता, त्याचे खापर दंतवैद्यांवर फोडू नये.) नळ्या ब्लीचने धुण्याची सवय इथे घातक ठरते. क्लोरीनमुळे अडकलेला पारा विरघळून पुढे वाहतो. स्वच्छतेच्या हौसेने प्रदूषण वाढण्याचा हा प्रकार. अमेरिकेच्या २०१७ च्या नियमाने ऑक्सिडीकारक तसेच ६ ते ८ पीएचबाहेरची धावनद्रव्ये वर्ज्य ठरवली.

उपाय : खुर्चीजवळची जाळी मोठे कण अडवते, सक्शन पंपाची गाळणी त्याहून बारीक. त्यापुढे विलगक लागतो. तो पाणी संथ करून, गाळून किंवा केंद्रोत्सारणाने कण वेगळे करतो. अमेरिकी नियमात व युरोपीय संघाच्या २०१९ पासूनच्या सक्तीत किमान ९५ टक्के कण अडवण्याची अट आहे. अडलेला गाळ व पारदमेल असलेले उपटलेले दात घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळे ठेवतात. ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले तर भट्टीत जातात आणि पारा धुरातून बाहेर पडतो.

मानके : भूपृष्ठीय जलाशयात सोडायच्या सांडपाण्यात पाऱ्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एका ग्रॅम पारदमेलातला सारा पारा विरघळला, तर एवढ्या तीव्रतेचे ५०,००० लिटर पाणी होईल. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ मधील रुग्णालयीन सांडपाण्याच्या कोष्टकात पीएच, तरंगते कण, तेल, जैव व रासायनिक प्राणवायू-मागणी, माशांवरील चाचणी एवढेच आहे. पाऱ्याचा स्वतंत्र रकाना नाही.

दुर्ग-भिलाई : छत्तीसगडमधील भिलाईत रुंगटा व दुर्गजवळ अंजोरा येथे मैत्री दंत महाविद्यालय, भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय, शिवाय खाजगी दवाखाने. पोलाद आणि कोळशाच्या या पट्ट्यात पाऱ्याचा मोठा स्रोत दंतवैद्यकाबाहेर, कोळशाच्या धुरात शोधावा लागतो. पण तो धूर पकडणे अवघड, खुर्चीखालची पूड अडवणे सोपे. गटारात सुटलेला पारा जिथे पोहोचू शकतो ती, दुर्गच्या कडेने वाहणारी शिवनाथ नदी पुढे महानदीला मिळते. महाविद्यालयात एकाच छताखाली अनेक खुर्च्या असल्याने एक मोठा विलगक सर्वांना पुरतो. एकखुर्ची दवाखान्याला विलगकाचा खर्च एकट्याने पेलावा लागतो.

करार : पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताचे अनुसमर्थन जून २०१८ चे. दंतवैद्यांनी सुटा पारा वापरणे, तसेच १५ वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना पारदमेल भरणे टाळण्याचे कलम २०२२ मध्ये जोडले गेले. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून वापर जवळपास बंद केला. करारातील देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये पारदमेलाचा वापर थांबवण्यासाठी २०३४ ही अखेरची मुदत ठरवली. आधी भरलेली ‘चांदी’ त्यानंतरही दातांत राहील आणि झिजली की उकरली जाईल.

(पाहा : पारा, मिथिल पारा, शिवनाथ नदी)