मल्लखांब : एका उपेक्षित खेळाची कुळकथा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते आणि ती वाचताना आम्हांस अभिमान वाटतो. तीत परीक्षेतील गुण असतात, पदव्या असतात, क्वचित क्रिकेटमधील यशही असते. मल्लखांबाचा खेळाडू मात्र तीत कधी आढळल्याचे आम्हांस स्मरत नाही. ज्या खेळावर आम्ही बाळपणापासून प्रेम केले, त्याचा पूर्ववृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

खेळाचे मूळ त्याच्या नावातच आहे. जोडीदारावाचून अंगमेहनत करता यावी म्हणून मल्ल खांबाशी झुंजत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात या मेहनतीचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या मागे पडली. तिला नवजीवन देण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांस दिले जाते. झाडांवरील वानरांच्या चपळ हालचाली पाहून त्यांस ही विद्या स्फुरली, अशी आख्यायिका आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि राजाश्रय संपला. विद्या मात्र शिष्यपरंपरेने तालमीतालमींतून टिकली.

साधने किती अल्प! जमिनीत घट्ट पुरलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब. त्यास अंग, मान व बोंड असे तीन भाग. आणि घर्षण कमी व्हावे म्हणून लावावयाचे एरंडेल. प्रथम अढी घालावयास शिकावयाचे, मग दसरंग, बगली, सुईदोरा, वेल अशा पायऱ्या चढावयाच्या. मिनिट-दीड मिनिटाच्या संचामागे वर्षानुवर्षांचा घाम असतो. पूर्वी वेतावर होणाऱ्या कसरती आज सुती दोरावर होतात आणि त्यांत मुलींनी मोठे प्रावीण्य मिळविले आहे.

मान्यतेची वाट मात्र लांबच ठरली. १९५८ साली दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांच्या वेळी मल्लखांब देशापुढे आला. पण परक्या घरचा पाहुणा किती दिवस राहणार? काही वर्षांनी त्या स्पर्धांतून तो बाहेर पडला. १९८१ साली उज्जैन येथे त्याची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा भरली. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्यास राज्याच्या खेळाचा मान दिला. २०१९ साली मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. सागर ओव्हाळकर यांस २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२४ साली उदय देशपांडे यांस पद्मश्री जाहीर झाली.

हे सर्व वाचून आम्हांस आनंद होतो, तशी एक आठवणही सलते. मॅट्रिकचे वर्ष आले तेव्हा वडिलांनी आम्हांस तालमीतून काढले. "खांबावर चढून पोट भरत नाही," एवढेच ते बोलले. आईने एरंडेलाने माखलेली चड्डी शेवटची धुऊन ठेवून दिली. वडिलांचा दोष नव्हता. त्या काळी त्यांस दुसरे काही दिसणे कठीणच होते. परंतु आज पुरस्कार आले, जागतिक स्पर्धा झाली, तरी आमच्याच परिचयाच्या घरांतून दहावीच्या उंबरठ्यावर मुले-मुली खांबावरून उतरविली जातात. नेमके ज्या वयात शरीर आणि धैर्य यांचा मेळ बसू लागतो, त्याच वयात!

यावरून आम्हांस असे वाटते की, सरकारची मान्यता हा या खेळाचा अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा आपल्या घरांत सुटावयाचा आहे. ज्या वस्तादांनी पहाटे उठून, बहुधा एक पैही न घेता, मुलांस उड्या शिकविल्या, त्यांनी मान्यतेची वाट पाहिली नाही. म्हणूनच मान्यता येईपर्यंत खेळ जिवंत राहिला.

आपल्या मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. गुणवंतांच्या नामावलीत पुढील वर्षापासून मल्लखांबासाठी एक ओळ राखून ठेवावी. प्रथम ती रिकामी राहिली तरी चालेल. ती रिकामी ओळ वाचून एखादा बाप आपल्या मुलीस आणखी एक वर्ष दोरावर राहू देईल, तर आमच्या या लेखनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.