इंजिनाला गोडं पाणी



आपल्या भोपाळच्या आठवणींत सरकारी क्वार्टर्स, गणेशोत्सवातली नाटकं आणि न्यू मार्केट हे येतंच. मी आज समुद्राबद्दल लिहितोय. "तुलसी नगरात बसून समुद्राचं काय लिहिता?" असं आमची ही म्हणालीच. पण नोकरीतली जी एक गोष्ट अजून टोचते ती समुद्राकाठची आहे, आणि ती सांगायची तर आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. त्यात माझे वडील होते. मी तेव्हा सहा वर्षांचा. त्यामुळे पाणी म्हटलं की माझ्यापुरता बडा तालाब. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि १९८० च्या सुमारास बदली निघाली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर. तोवर समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला. शाखेतली निम्मी कर्जं मच्छीमारांच्या यांत्रिक होड्यांची. तारण काय, तर होडी आणि तिच्यातलं इंजिन.

कोकणातला मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या शीड आणि वल्हं यांवर जगला. होडी लाकडाची, दोर काथ्याचे. लोखंड म्हणजे खिळे आणि नांगर, तेवढंच. पावसाळ्यात होडी वर ओढायची, झापांनी शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची. लाकडाला काय लागतं, काय सोसत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. इंजिन मात्र स्वातंत्र्यानंतर आलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून सरकारनं होड्यांना इंजिनं बसवायला मदत सुरू केली. तिकडे केरळात १९५२ च्या करारानं इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, त्यातही यांत्रिक होड्यांवर भर होता. पुढे १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, मच्छीमार अग्रक्रमाच्या कर्जदारांत आले आणि आमच्यासारखे कधी होडीत पाय न ठेवलेले लोक इंजिनांना कर्जं वाटू लागले.

आपल्या मराठी माणसाच्या ओळखीचं डिझेल इंजिन म्हणजे विहिरीवरचं. त्याला थंड ठेवायला विहिरीचंच पाणी फिरवायचं, की झालं. होडीतल्या इंजिनालाही थंड ठेवायला पाणीच लागतं, पण आजूबाजूला पाणी असतं ते समुद्राचं. एका लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. लहान होड्यांत हेच पाणी पंपानं ओढून इंजिनाच्या पोटातून फिरवत आणि परत समुद्रात सोडत. इंजिन जास्त तापलं की या पाण्यातले क्षार आतल्या वाटांवर बसतात, वाटा अरुंद होतात, मग इंजिन आणखी तापतं. आणि बंद करून ठेवलं तर आत राहिलेलं पाणी ओतीव लोखंड खात बसतं. महागड्या इंजिनांत आत गोडं पाणी फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त नळ्यांच्या पलीकडून त्याला थंड करतं. हा जास्तीचा खर्च कर्ज मागताना कुणी मागत नसे, आणि आम्हीही सुचवत नसू.

दुसरं दुखणं मला तिथल्या एका मिस्त्रीनं समजावलं. पंखा पितळेचा, शाफ्ट पोलादाचा, पंपाचे काही भाग काशाचे, बाकी लोखंड. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि त्यातला हलका धातू झिजतो (मिस्त्रीचा शब्द 'हलका', मी तोच ठेवलाय). उपाय असा की त्या दोघांहून हलकं असं जस्त जवळ ठोकायचं. मग समुद्र आधी जस्त खातो. जस्त संपत आलं की नवं लावायचं.

हा उपाय जुना आहे, हे मी नंतर वाचलं. जहाजाच्या तळाला मारलेला तांब्याचा पत्रा समुद्रात झिजतो म्हणून इंग्रजांच्या आरमारानं हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला विचारलं. १८२४ साली त्यानं तांब्याला जस्ताचे नाहीतर लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तांबं झिजायचं थांबलं. गंमत अशी की पूर्वी झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळे शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नव्हते, ते आता चिकटू लागले. जहाजं मंदावली आणि आरमारानं तो उपाय सोडून दिला. आज मात्र बऱ्याच लोखंडी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे असतात.

मला कॉलेजात घसारा शिकवला होता. दर वर्षी इतके टक्के वजा करायचे, खातं जुळतं. बंदरावर कळलं की तेच इंजिन एका तांडेलाच्या हातात पंधरा वर्षं चालतं आणि दुसऱ्याच्या हातात तीन वर्षांत भंगार होतं. फरक कशाचा? जस्त वेळेवर बदललं का, आणि हंगाम संपताना आत गोडं पाणी फिरवलं का. काम सोपं. इंजिन गोड्या पाण्यावर थोडा वेळ चालवायचं, मग सगळं पाणी काढून टाकायचं, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, धुराच्या नळीत बोळा घालायचा आणि अधूनमधून चाक हातानं फिरवायचं. अडचण एकच: हंगाम संपतो मे महिन्यात, आणि मे महिन्यात कोकणातल्या विहिरींचा तळ दिसतो. घरात प्यायला पाणी नाही आणि इंजिनाला घागरी ओतायच्या.

आता ती गोष्ट. एका तांडेलाचे दोन हंगाम वाईट गेले, हप्ते थकले, वरून आदेश आला आणि मेअखेरीस आम्ही त्याची होडी ताब्यात घ्यायला गेलो. पंचनामा झाला. सह्या झाल्या. तो माणूस भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, इंजिनात गोडं पानी फिरवू द्या, मंग न्या. तासाभराचं काम हाय." त्याच्या बायकोनं दोन घागरी आणून ठेवल्या होत्या. कुठून आणल्या असतील देव जाणे.

मी नियम सांगितला. जप्त मालाला आता कुणाला हात लावता येणार नाही. तासाभराची परवानगी देणं माझ्या हातात होतं, वर कुणाला कळलंही नसतं. पण मी नवीन होतो आणि कागदाला घाबरत होतो.

होडी खाडीत नेऊन उभी केली. राखणदार ठेवला, त्याचा पगार कर्जदाराच्याच खात्यात नावे टाकला. फाइल इकडून तिकडे फिरत राहिली आणि दोन पावसाळे गेले. लिलावाआधी मिस्त्रीला बोलावलं. चाक जागचं हलेना. झाकण उघडलं तर सिलिंडर जाम, पाण्याच्या वाटांत लाल चिखल. काशाचा भाग तसाच चमकत होता आणि त्याला लागून असलेलं लोखंड भुग्यासारखं हाताला येत होतं. मिस्त्री माझ्याकडे बघून काही बोलला नाही. इंजिन भंगाराच्या भावात गेलं. उरलेली बाकी त्या तांडेलाच्या नावावर तशीच राहिली. वसुलीच्या अहवालात कारण लिहिलं होतं 'यंत्राची मूळची खराब स्थिती'. खाली सही माझी आहे.

त्यानंतर होडीच्या प्रत्येक प्रस्तावात मी जस्त आणि गोड्या पाण्यासाठी पिंप अशी एक ओळ स्वतःच्या हातानं घालू लागलो. एकदा वरून विचारणा आली, असले किरकोळ खर्च कर्जात कशाला? मी उत्तर पाठवलं, ते मंजूर झालं. तो तांडेल पुढे दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात असे. बाजारात भेटला की रामराम करायचा. मला त्याच्याशी कधी धड बोलता आलं नाही.

आता सुनेला तुलसी नगरातच क्वार्टर मिळालंय, वडिलांच्या जुन्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर. मागे एकदा नातवाला घेऊन बोट क्लबवर गेलो होतो. तिथे एक जण मोटारबोटीचं इंजिन उघडून बसला होता. राहवलं नाही, विचारलं, जस्त लावता का? तो हसला. "दादा, यहाँ तो मीठा पानी है।"

मलाही हसू आलं. बंदरावरच्या पहिल्याच आठवड्यात मी आपल्या भोपाळी सवयीनं एका खलाशाला विचारलं होतं, "इंजिन मीठ्या पाण्यानं धुता ना?" तो म्हणाला होता, "सायेब, मिठाच्या पान्यानंच तर ते सडतंय."

तलावातल्या त्या माणसाचं म्हणणं तसं बरोबर होतं. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम लावतात. हे मी त्याला सांगितलं. नातू म्हणाला, "आजोबा, चला ना, शिकाऱ्याची रांग वाढतेय."