रीत मोठी की माणूस?

"आपल्यात अशीच रीत आहे," हे आपण बायका लहानपणापासून ऐकतो. आज बघू या, कायदा या रीतीला काय म्हणतो.

पनवेलहून गोवा रस्त्याने खाली गेलं की आपल्याच जिल्ह्यातलं महाड लागतं. तिथलं चवदार तळं तुम्हाला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पण पाणी काही मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली. तळं 'शुद्ध' करण्यात आलं. नगरपालिकेने ठरावही मागे घेतला.

त्याच डिसेंबरात काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला. अस्पृश्यांनी इथे पाणी घ्यायचं नाही, ही पूर्वापार रीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

पण निकालाचं कारण नीट ऐका. ही रीत अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. सगळी माणसं समान, या तत्त्वावर तो निकाल उभा नव्हता. मग रीत सिद्ध झाली असती तर?

ही वाट १९५० साली राज्यघटनेने बंद केली. कलम १३ सांगतं, कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा मूलभूत हक्कांच्या आड आली तर रद्द. कलम १५ ने सार्वजनिक विहिरी, तळी, घाट सर्वांना खुले केले. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली.

मानवी हक्कांचं मूळ तत्त्व हेच. हक्क माणसाच्या जन्माबरोबर येतो. तो कुणाची मेहेरबानी नाही. १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द होते. आपल्या हंसाबेन मेहता यांनी आग्रहाने तिथे 'सर्व माणसं' असं करून घेतलं. त्या शब्दात तुम्ही-आम्ही आहोत.

तेव्हा कुणी रीत पुढे करून तुमचा हक्क अडवला, तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.