वेठबिगार, बेकरी आणि आमचा पहिला बॉट

'रोबोट' हा शब्द जन्मला एका नाटकात. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर.यू.आर.' हे नाटक १९२० सालचं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीची राबणूक. म्हणजे आपण ज्याला कौतुकाने रोबोट म्हणतो तो मुळात वेठबिगार!

गेल्या वर्षी मी ऑफिसात असाच एक वेठबिगार तयार केला. रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन, म्हणजे आपलं आरपीए. हात-पाय वगैरे काही नाहीत हो. एक सॉफ्टवेअर, जे माणसासारखं लॉगिन करतं, मेलमधलं इन्व्हॉइस उघडतं, रक्कम आणि पर्चेस ऑर्डरचा नंबर उचलतं आणि अकाउंट्सच्या जुनाट स्क्रीनवर टाइप करतं. ब्लू प्रिझम (इंग्लंड, २००१) आणि यूआयपाथ (बुखारेस्ट, २००५) या कंपन्यांनी असल्या कामाचा मोठा धंदा उभा केला.

पण मंडळी, ऑफिसातल्या ऑटोमेशनची खरी गोष्ट सुरू होते चहा-केकच्या दुकानात. जे. लायन्स अँड कंपनी ही ब्रिटनमधली टीशॉपची प्रचंड साखळी. लाखो छोटी-छोटी बिलं, नफा पैशा-पैशाचा, त्यामुळे कारकुनी खर्चावर बारीक नजर. १९४७ मध्ये त्यांचे दोन अधिकारी, स्टँडिंगफोर्ड आणि थॉम्पसन, अमेरिकेत गेले. तिथे हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितलं, की तुमच्याच केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स कॉम्प्युटर बनवताहेत! लायन्सने केंब्रिजला पैसे आणि मदतीला एक माणूस दिला. पुढे त्याच धर्तीवर स्वतःचं यंत्र बांधलं. नाव 'लिओ', म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ पासून ते दर आठवड्याला बेकरीच्या मालाचा हिशेब करू लागलं. नंतर पगारपत्रक आलं. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराला ८ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

मला भारी वाटतं ते मात्र टीशॉपच्या ऑर्डरचं काम. प्रत्येक दुकानाची एक ठरलेली ऑर्डर यंत्राकडे असायची. दुकानाच्या बाईंनी फोनवर फक्त बदल सांगायचे. हेडफोन लावलेली ऑपरेटर ऐकता ऐकताच ते कार्डावर पंच करायची. म्हणजे जुना फॉर्म भराभर भरणारं यंत्र त्यांनी बनवलंच नाही, फॉर्मच उडवला! यामागे डेव्हिड कॅमिनर यांच्यासारखी माणसं होती. आज आपण ज्याला सिस्टिम्स अॅनालिसिस म्हणतो, ते काम.

आमचा बॉट याच्या बरोबर उलटा. जुनी स्क्रीन तशीच, रंगीबेरंगी एक्सेल तशीच, फक्त बोटं बदलली. बटणाची जागा हलली की बॉट आडवा. आरपीए स्वस्त आणि झटपट आहे हे खरं, पण ते ठिगळ आहे. ठिगळ लावायला माझी ना नाही, पण त्याला नवा सदरा म्हणू नये.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट माणसांची. अकाउंट्समध्ये आमचे एक काका आहेत. नियम लिहून घ्यायला त्यांच्याशेजारी बसलो तेव्हा कळलं, की प्रोसेसच्या डॉक्युमेंटमध्ये अर्धंच काम आहे. कोणता सप्लायर एकच बिल दोनदा पाठवतो, कोणाचा जीएसटी नंबर हमखास चुकतो, सगळं काकांच्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "काय रे, हे सगळं त्याला शिकवून झालं की मी काय करायचं?" मी म्हटलं, "काका, अडलेली बिलं तुमच्याकडेच येणार." ते हसले. पण माझ्या रिपोर्टमध्ये 'वाचलेले एफटीई' नावाचा एक रकाना होता आणि त्यात काका ०.८ होते. आख्खा माणूसही नाही!

लिओच्या इतिहासातलं एक नाव इथे आठवतं. मेरी कूम्ब्स, फ्रेंचच्या पदवीधर, लायन्समध्ये कारकुनी करत होत्या. १९५२ मध्ये कंपनीने स्वतःच्याच माणसांमधून प्रोग्रामर निवडले, त्यात त्या आल्या आणि व्यावसायिक प्रोग्रामिंग करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक ठरल्या. ज्यांना काम माहीत आहे त्यांनाच यंत्राच्या बाजूला घ्यायचं, हे लायन्सला तेव्हा सुचलं होतं.

मी दोन गोष्टी केल्या. डॉक्युमेंटवर नियमांचे लेखक म्हणून काकांचं नाव घातलं आणि पुढच्या बॉटच्या टीममध्ये त्यांना मागून घेतलं. मॅनेजर म्हणाले, "तीन महिने बघू." तीन महिन्यांनंतरचं माझ्या हातात नाही. पण दरम्यान काकांनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, "हा फॉर्म मुळात भरतो कशाला आपण?"

कॅमिनरसाहेबांनी त्यांना तिथल्या तिथे नोकरी दिली असती :)