नुल-त्स्वाय : एका मोटारीचा इतिहास



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने व्याख्यानमालेत मोटारीच्या शौकावर काय बोलावे, असे विषय जाहीर झाल्यापासून मला तिघा-चौघांनी विचारले. आम्ही मालकांच्या मोटारीपुढे आडवे पडणारे लोक. मोटारीच्या कौतुकाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. मोटारीचे कौतुक करणारे लोक तिच्याविषयी जे आठवतात आणि जे विसरतात, त्या दोहोंमध्ये कामगारांचा इतिहास दडलेला असतो. तो उकलून पाहावा, एवढाच आजचा हेतू आहे.

मोटार जर्मनीतली आहे. म्यूनिक शहरातल्या बी.एम.डब्ल्यू. कारखान्याने १९६८ साली ती बाजारात आणली. तिचे नाव २००२. हा सन नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. पहिला २००० हा आकडा इंजिनाच्या दोन लिटर मापाचा आणि शेवटचा दोन हा दोन दारांचा. जर्मन शौकीन तिला लाडाने 'नुल-त्स्वाय', म्हणजे 'शून्य-दोन' म्हणतात. दिसायला साधी, चौकोनी, खोक्यासारखी. चार माणसे बसावीत, मागे डिकीत सामान राहावे, अशी घरगुती गाडी. पण वजन जेमतेम हजार किलो आणि इंजिन शंभर अश्वशक्तीचे. ताशी १७० किलोमीटरपर्यंत ती जात असे आणि वळणावर शर्यतीच्या गाडीसारखी रस्ता धरीत असे. शर्यतीची मोटार ही तोवर श्रीमंताच्या पोराची चैन होती. दोन माणसे बसणार, छप्पर कापडाचे, सामानाला जागा नाही. तोच आनंद मुलाबाळांच्या गाडीत बसवून दिला, हे २००२ चे वैशिष्ट्य. अमेरिकेत तर बॉस्टन येथे १९६९ सालीच ह्या गाड्यांच्या मालकांचा क्लब निघाला आणि तो अजून चालू आहे.

हे शौकीन लोक एकत्र जमले की काय बोलतात? नव्या गाडीत स्टिअरिंगला हात लावला तरी रस्ता कळत नाही, असे म्हणतात. जुन्या गाडीत काच मोठी, खांब बारीक, चहूकडचे दिसते. आणि मुख्य म्हणजे बॉनेट उघडले की आत काय आहे ते समजते. ही शेवटची तक्रार मला महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी नंतर येतो. आधी ही गाडी जन्माला आली कशी ते पाहू, कारण ती जन्मालाच येणार नव्हती.

युद्धानंतर बी.एम.डब्ल्यू.ची अवस्था बिकट होती. मोटारी बनविण्याचा तिचा आयझेनाख येथील कारखाना रशियन ताब्यातल्या भागात गेला. म्यूनिकमध्ये तिने १९५०च्या दशकात काढलेल्या मोठ्या गाड्या इतक्या महाग होत्या की घेणाराच मिळेना, आणि दुसऱ्या टोकाला इसेटा नावाची अंड्याच्या आकाराची चिमुकली गाडी, जिच्यात पैसा सुटत नसे. मधल्या माणसाला परवडेल असे काहीच नाही. अखेर ९ डिसेंबर १९५९ रोजी भागधारकांची सर्वसाधारण सभा भरली. बड्या बँकेने आणलेल्या ठरावाचा अर्थ सरळ होता : कंपनी डायम्लर-बेंझच्या घशात घालावयाची आणि जुन्या भागधारकांना बाजूला सारावयाचे. मुदत अपुरी, विचाराला वेळ नाही. आपल्याकडेही असे ठराव कसे येतात हे कामगारांना सांगावयास नको.

पण त्या दिवशी लहान भागधारक अडून बसले. गाड्या विकणारे दुकानदार त्यांच्या बाजूस आले. फ्रँकफुर्टचे एक वकील, फ्रीडरिश माटेर्न, यांनी ताळेबंद उघडून दाखविला : ७०० ह्या नव्या लहान गाडीच्या आखणीचा सारा खर्च एकाच वर्षाच्या नावे टाकून तोटा फुगविलेला होता. ताळेबंदावर असा आक्षेप आला आणि दहा टक्के भागधारकांनी मागणी केली, की सभा तहकूब करावी लागते, असा तिथला कायदा. सभा तहकूब झाली, डायम्लरची मुदत टळली. आकडेवारीचा एक कागद नीट वाचता आला म्हणून एक कारखाना वाचला! आमच्या तरुण कार्यकर्त्यांना मी हे नेहमी सांगतो. घोषणा सर्वांनाच येतात. ताळेबंद वाचावयास शिकावे लागते.

पुढे हेर्बर्ट क्वांट ह्या उद्योगपतीने कंपनीत आपला पैसा वाढविला आणि ती उभी राहिली. गाडीच्या इतिहासात त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत असते. कुर्ट गोल्डा हे नाव मात्र लहान अक्षरांत असते, असलेच तर. गोल्डा हे कारखान्याच्या 'बेट्रीब्सराट'चे, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या कारखाना-मंडळाचे अध्यक्ष होते. जर्मनीत १९५२च्या कायद्याने अशा मंडळांना अधिकार मिळाले होते. कामगार ह्या कारखान्याच्या पाठीशी आहेत, तो चालू शकतो, हे क्वांट यांना पटविण्यात गोल्डा यांचा मोठा वाटा होता.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर इतिहास अर्धा राहील. युद्धकाळात म्यूनिकजवळ आलाख येथे बी.एम.डब्ल्यू.चा विमान-इंजिनांचा कारखाना होता. तिथे दाखाऊच्या छळछावणीतले कैदी आणि परदेशांतून धरून आणलेली माणसे हजारोंनी राबविली गेली. क्वांट घराण्याच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांतही तोच प्रकार होता. हानोव्हर येथील कारखान्याला तर छावणीच जोडलेली होती. हे उघडपणे बोलले जाण्यास २००७ सालचा एक माहितीपट यावा लागला. त्यानंतर घराण्याने स्वतःच नेमलेल्या इतिहासकाराचा मोठा ग्रंथ २०११ साली निघाला आणि त्याने ते नाकारले नाही. गोल्डा यांनी ज्या दारात जाऊन कारखाना वाचविण्याची विनंती केली, त्या घराचा हा पूर्वेतिहास होता. भाकरीचा प्रश्न असला की कामगाराच्या प्रतिनिधीला दार निवडता येत नाही. गोल्डा यांना दोष देण्यास माझी जीभ वळत नाही. आणि कैद्यांना विसरूनही चालणार नाही.

वाचलेल्या कारखान्याने १९६१ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात 'नॉये क्लासे', म्हणजे 'नवी श्रेणी', ह्या नावाची मधल्या मापाची गाडी मांडली. तिचे इंजिन आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांचे. व्यवस्थापनाला लहान इंजिन हवे होते. त्यांनी ठोकळा असा मजबूत केला की पुढे तो दोन लिटरपर्यंत वाढविता यावा. ह्याच लोखंडी ठोकळ्याच्या आधाराने १९८३ साली नेल्सन पिके यांनी फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळविले. शर्यतीसाठी हजारो मैल चाललेल्या, तापून-निवून मुरलेल्या जुन्या गाड्यांचे ठोकळे घेतले गेले, असे सांगतात. लोणच्यासारखे लोखंडही मुरते, हे आपल्या जुन्या फाउंड्रीवाल्यांना ऐकून नवल वाटणार नाही.

१९६६ साली ह्या श्रेणीची दोन दारांची आखूड गाडी निघाली. तिच्यात दोन लिटरचे इंजिन घालण्याची कल्पना फाल्केनहाउझेन आणि नियोजनाचे प्रमुख ब्योन्श या दोघांनीही, एकमेकांना न सांगता, आपापल्या गाडीवर करून पाहिली होती. अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांना तशी जोरकस गाडी हवीच होती. २००२ अशी आली. ह्या दोन-दारी कुळातल्या साऱ्या गाड्या मिळून साडेआठ लाखांहून अधिक झाल्या.

शौकीन हा इतिहास मोठ्या गोडीने सांगतात, आणि तो खराही आहे. पण त्यात दोन गोष्टी गळतात. पहिली म्हणजे शनिवार. जुन्या गाडीचा शौक हा सुट्टीच्या दिवसाचा शौक आहे. सकाळी बॉनेट उघडावे, दुपारी डोंगराच्या रस्त्याला लागावे. ही सुट्टी आकाशातून पडली नाही. जर्मन कामगार संघटनांनी १९५६च्या मे दिनाला एक भित्तिपत्रक काढले होते. त्यात एक लहान मूल शनिवारी आपला बाप मागत होते. धातूकामगारांच्या संघटनेने ती लढाई चिकाटीने लढविली आणि १९६७च्या आरंभी चाळीस तासांचा आठवडा त्या उद्योगात लागू झाला. पुढच्याच वर्षी २००२ आली. गाडी इंजिनिअरांनी दिली, तिच्यात बसावयाचा दिवस कामगारांनी मिळविला, असे मी म्हटले तर शौकिनांनी रागावू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या काळी जर्मन मोटारी बांधणारे हात. इटलीशी १९५५ साली आणि तुर्कस्थानशी १९६१ साली करार करून जर्मनीने परदेशांतून मजूर आणले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. पाहुण्याने काम करावे आणि मुदत संपली की परत जावे, असा तो पाहुणचार! १९७३ सालचे चार महिने पाहा. ऑगस्टमध्ये कोलोन येथील फोर्डच्या कारखान्यात तुर्की कामगारांनी काम बंद पाडले. सुट्टीवरून उशिरा परतले म्हणून त्यांच्या सुमारे तीनशे सोबत्यांना काढले होते. अधिकृत संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही, हे संघटनेचा माणूस म्हणून मला खाली मान घालून सांगावे लागते. सप्टेंबरमध्ये बी.एम.डब्ल्यू.ने फ्रँकफुर्टला २००२ टर्बो मांडली, १७० अश्वशक्तीची. तिच्या नाकावर नाव उलटे लिहिलेले, पुढच्याने आरशात वाचावे आणि वाट सोडावी म्हणून. ऑक्टोबरमध्ये तेलाचा पेच आला. २३ नोव्हेंबरला सरकारने परदेशी मजुरांची भरती बंद केली, आणि दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरच्या रविवारी, साऱ्या देशात मोटारी चालविण्यास बंदी झाली. टर्बो १,६७२ नगांवरच थांबली. आज तीच सर्वांत महाग विकली जाते.

आता बॉनेटकडे वळू. २००२ चे टॅपेट जुळविण्याची रीत मोठी गमतीची आहे. रॉकरच्या टोकाला एक विलक्षित चकती असते, तिला बारीक भोक असते. नट सैल करावयाचा, भोकात वाकविलेली तार घालून चकती किंचित फिरवावयाची, फिलर गेजची पाती मध्ये सरकवून फट पाहावयाची आणि नट आवळावयाचा. सायकलचा आरा वाकवून घेतला तरी काम भागते. फट मिलिमीटरच्या पाव भागाहूनही कमी. पण ती डोळ्याने नव्हे, पाते ओढताना बोटाला लागणाऱ्या चिकट ओढीने कळते. तीच गोष्ट पॉइंटची आणि कार्ब्युरेटरची. ह्या गाडीला गंज मात्र फार लवकर धरतो : शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या बैठकी, स्टेपनीची खोबण, दारांखालचे पत्रे. म्हणून डेंटिंगचे काम येणारा माणूस शौकिनांना सोन्याच्या मोलाचा.

श्रोतेहो, हे ज्ञान आपल्याला परके नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटच्या परवान्याने बनलेली आणि पुढे पद्मिनी म्हणून मुंबईत टॅक्सी झालेली गाडी याच पिढीच्या विद्येची. पाना, तार, फिलर गेज आणि कान, एवढ्यावर गॅरेजमधला उस्ताद ती वर्षानुवर्षे चालवीत असे. फरक इतकाच की जर्मन डॉक्टर किंवा वकील हे काम हौसेने करतो आणि त्याचे छायाचित्र निघते. आपल्याकडे ते दहा वर्षांचे पोर, शाळा सोडून, तेलकट चिंधीने हात पुसत शिकले आणि त्याला प्रमाणपत्र कोणी दिले नाही. म्हणून जुन्या गाडीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांची मी थट्टा करीत नाही. हाताला कळणारी विद्या गेली, याचे दुःख त्यांना होते. तेच आमच्या टर्नर-फिटरांना होते. मात्र त्यांची गेली ती करमणूक, आमची गेली ती रोजी. नव्या गाडीचे बॉनेट उघडले की वर प्लास्टिकचे झाकण, आणि दोष सांगणारे यंत्र कंपनीच्या हाती. मालक असो वा मेकॅनिक, दोघेही बाहेर उभे.

२९ ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनी टॅक्सीचा मुंबईच्या रस्त्यावरचा अखेरचा दिवस झाला. निदान एक तरी गाडी जतन करावी, अशी मागणी तेव्हा पुष्कळांनी केली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत म्यूनिकच्या कारखान्यातून पेट्रोलवर चालणारे शेवटचे इंजिन बाहेर पडले. त्या खात्यातल्या सुमारे बाराशे कामगारांना नवे काम शिकवून किंवा दुसऱ्या खात्यांत बदलून सामावून घेण्यात आले. तिथे कारखाना-मंडळ अजून आहे. त्याच आवारात आता विजेच्या गाड्या बनावयाच्या आहेत, आणि त्यांना कंपनीने जुनेच नाव दिले आहे : नॉये क्लासे.